कपाटातला अभंग

माउली, अभंगांच्या जुन्या तबकड्या हल्ली विनाइलवर पुन्हा निघतात, हे चांगलेच. लाखेची ती तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई, हातून पडली की फुटे. तिच्यातला आवाज वाचवायलाच हवा. पण मोजक्या प्रती काढून हजारो रुपयांना विकायच्या आणि हौशी मंडळींनी त्या कपाटात मांडायच्या, याला जतन म्हणता? ही साठेबाजी झाली. संतांची वाणी कोणाच्या मालकीची नाही. आपल्या कायद्यानेही ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. मग तो आवाज गावोगावच्या भजनी मंडळांना फुकट ऐकू द्यायला अडचण कसली?

आणखी एक. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. म्हणून अभंग आखडला, चरण गळाले. फडावर टाळकरी एकच चरण उचलून धरतात, पखवाज लग्गीला येतो, ते तिच्यात कुठून येणार? तेव्हा तबकडीवरून चाल जरूर घ्या, पण तेवढाच अभंग समजू नका. ऐका, आणि टाळ हाती घेऊन गा. गळ्यात उतरले तेच टिकते.

राम कृष्ण हरी!