डुकरं आपणच पाळलीत

अंधेरीत आमचा सहा जणांचा एक ग्रुप आहे. सगळे पस्तिशीच्या आसपासचे, सगळ्यांची मूळ गावं कोकणात, आणि सगळ्यांच्या फोनवर टेक्सासमधले डुक्कर मारायचे व्हिडिओ. हेलिकॉप्टर खाली येतं, कळप सैरावैरा पळतो, वरून गोळ्या सुटतात. तिथे 2011 साली कायदा करून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला परवानगी दिली गेली. हे बघून झालं की आमच्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, "गावाला एवढी डुकरं झालीयत, आपण शिकूया ना यार."

मी शिकायला गेलो होतो. म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगतो. रानडुक्कर मारूच नये, असं माझं म्हणणं नाही. ज्यानं एका रात्रीत आडवा झालेला भाताचा कुणगा पाहिलाय, त्याला तसं म्हणताही येणार नाही. डुक्कर भात नुसतं खात नाही. ते लोंब्या तोंडात ओढून चघळतं, चोथा टाकून देतं आणि त्याच पिकात लोळतं. भुईमूग, रताळी, केळी, नारळाची कोवळी रोपं, काहीही उकरतं. चार महिन्यांची मेहनत सकाळी बघवत नाही. माझा राग दुसरीकडे आहे.

पण शिकारीच्या नादाला लागलेल्या दोस्तांसाठी आधी कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 9 शिकारीला बंदी घालतं. छंद म्हणून शिकार ही गोष्ट या देशात उरलेलीच नाही. कलम 11 मध्ये एक खिडकी आहे: उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी ही खिडकी थोडी रुंद केली, म्हणजे शेतकऱ्याला वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता यावा इतपत. आणि परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता. त्याचा वाटा नाही, रस्सा नाही, सुळा भिंतीवर टांगणं नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही डुकरं आहेत, हे डोक्यात येत असेल तर तिथल्या शिकारीला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे, हेही डोक्यात येऊ द्या.

शिवाय टेक्सास म्हणजे कोकण नव्हे. अमेरिकेत डुक्कर मूळचं नाहीच. युरोपियनांनी नेलेली पाळीव डुकरं सुटली, पुढे शिकारीच्या हौसेसाठी रानटीही आणून सोडली, आणि त्यांची आता डोकेदुखी झालीय. आपलं रानडुक्कर इथलं आहे. वाघ, बिबट्या, रानकुत्रे ते खातात. ते जंगलातून पुरतं संपवलं तर बिबट्या गोठ्याकडे वळणार, हे कळायला पीएचडी लागत नाही.

आता माझी शिकवणी. ऑक्टोबरमध्ये दहा दिवस सुट्टी काढून बोरिवलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी उतरलो. काका सत्तरीचे. घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची जुनी सिंगल बार बंदूक. मी म्हटलं, बंदूक शिकायचीय. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बंदूक शिकूक इलंस? आधी कोयतो धरूक शीक."

मला तो टोमणा वाटला. तो खरं तर सगळा अभ्यासक्रम होता, पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

पहिल्या चार रात्री मांगरात जागून काढल्या. डबा वाजवायचा, मध्येच फटाका लावायचा. कुणग्याभोवती साड्यांचं कुंपण, त्यात माझ्या आईची मुंबईहून पाठवलेली एक मोरपंखी साडीही ओळखली. डुक्कर साडीला आठवडाभर बिचकतं, मग तिच्याखालून आत येतं. त्याची नजर बेताची, पण नाक आणि कान भयंकर. वारा आपल्याकडून त्याच्याकडे गेला की रात्र फुकट. पाचव्या रात्री अंधारात चप-चप-चप असा चघळण्याचा आवाज आला, अगदी हाकेच्या अंतरावर. माझे पाय जमिनीला चिकटले. काकांनी टॉर्च मारला. एक मादी, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. बंदूक त्यांच्या हातातच राहिली. हातात परवानगीचा कागद नव्हता. अर्ज करायला तालुक्याला जायचं, नुकसान दाखवायचं, आणि डुक्कर तोवर थांबायला तयार नसतं.

बंदुकीचंही ऐका. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचं फर्मान निघतं. विधानसभेचं मतदान 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला होतं, 2024 मध्ये 20 नोव्हेंबरला. कोकणात भात तयार होऊन कापायचे दिवस नेमके हेच. डुकरांना आचारसंहिता लागत नाही.

मग काय होतं? कागद वेळेवर येत नाही, बंदूक धड चालवता येत नाही, म्हणून फासकी लागते. गाडीच्या क्लचची वायर. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. सातव्या दिवशी वाडीतल्या एकाबरोबर मीही गेलो. वायर धरायला हात मी दिला. मला तेव्हा आपण काहीतरी खरंखुरं शिकतोय असं वाटत होतं, हे कबूल करतो.

सकाळी फासकीत डुक्कर नव्हतं. शेजारच्या आजींचा कुत्रा होता. वायर पोटात रुतलेली, भोवतालची माती त्यानं नखांनी खरवडून काढलेली. तो रात्रभर ओरडला असणार. आम्ही डबे वाजवत होतो, त्यामुळे ऐकू आलं नाही. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला पोत्यात घातला आणि मला म्हणाल्या, "तू मुंबयसून इलंस मां? चाय घी." हे मी आजवर ग्रुपवर सांगितलेलं नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकराच्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या बातम्यांखाली मुंबईहून शिव्या पडतात: गावातले लोक राक्षस आहेत वगैरे. मुलुंडला राहणारी माझी एक मैत्रीण त्यात पुढे असते. तिच्या बाल्कनीतून राष्ट्रीय उद्यानाचं जंगल दिसतं आणि त्या व्ह्यूचे पैसे तिनं बिल्डरला मोजलेत. तिचं प्राण्यांवरचं प्रेम खरं आहे, मी चेष्टा करत नाही. पण तिच्या ताटातला भात रात्री जागून वाचवावा लागत नाही. 2016 मध्ये केंद्रातले दोन मंत्री, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, याच प्रश्नावर जाहीरपणे भांडले. एका बाजूला दया, दुसऱ्या बाजूला पीक. दोन्ही बाजू दिल्लीत. फासकी मात्र गावात.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आठव्या दिवशी काकांनी मला बांधावर नेलं. खाली त्यांचे पाच कुणगे. वर, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे रानमोडी, घाणेरी, करवंदीची जाळी, माणसाच्या डोक्यावर जाणारी. त्यात बोगद्यासारख्या वाटा गेलेल्या. त्यांनी कोयत्यानं दाखवलं.

"डुकरां खय रवतत ता ठावक हा? तुमच्या जमनीत."

ती जमीन माझ्या आजोबांची. म्हणजे आमची. म्हणजे बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि एक घर कांदिवली. लहानपणी तिथे भात व्हायचं, मला आठवतं. मग बाबा गिरणीत, चुलते बेस्टमध्ये, आम्ही आयटीत. कसायला कुणाला द्यावी तर कूळ लागेल ही भीती. विकावी तर सातबाऱ्यावर 31 नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारस नोंद कुणी केलेली नाही. साफ करावी तर पैसे कुणी काढायचे यावर गणपतीत भांडण. म्हणून ती पडीक. एका वाडीत अशी दहा कुटुंबं धरा. आपण शेतीच्या मधोमध डुकरांना फुकटात घरं बांधून दिलीत आणि आता त्याच डुकरांना मारायला बंदूक शिकायला निघालोय.

चंद्रपूरला हे लागू होत नाही, मान्य. तिथे जंगलच शेताला लागून आहे. आमच्या एका कुटुंबानं रान तोडलं तर डुकरं शेजारच्या पडिकात जातील, हेही मान्य. सगळी वाडीच कसायला हवी. आणि मारावी लागतील तेव्हा परवानगी वेळेत मिळावी, मारणारा गावातला, नीट शिकवलेला माणूस असावा. केरळनं 2022 मध्ये हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला, त्यातून निदान अर्जाचं अंतर तरी कमी होतं. वीकेंडला इनोव्हा भरून येणारा अंधेरीचा नवशिका या कशात बसत नाही. त्याला निशाणा येतो की नाही हा मुद्दाच नाही. तो सोमवारी परत जातो. जखमी डुकराच्या मागावर जाळीत शिरायला काका उरतात.

उरलेले दोन दिवस मी कोयता चालवला. तळहाताला फोड आले, रानमोडीचा वास अंगातून जाईना, आणि साफ झाला तो जेमतेम आमच्या पार्किंगएवढा तुकडा. काकांनी बघून फक्त मान हलवली.

मुंबईला आल्यावर आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: वारस नोंदीसाठी सगळ्यांची कागदपत्रं हवीत, माणूस लावून रान साफ करायला प्रत्येक घरानं पैसे काढायचे, आणि जमीन काकांना कसायला लेखी द्यायची. 23 जणांनी वाचला. घाटकोपरच्या आत्येनं हात जोडल्याची इमोजी टाकली. चुलतभावानं टेक्सासचा एक नवीन व्हिडिओ पाठवला. कांदिवलीहून उत्तर आलं, "गणपतीत बोलू."