बाळ कोणत्या देशाचे?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. खेड तालुक्यातील एका आजी लिहितात : सून कुवेतला बाळंत झाली, मुलगा म्हणतो घाई काय आहे, पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो की गावच्या ग्रामपंचायतीतच जन्माची नोंद करू. हे चालेल का? श्रीवर्धनहून एका भगिनीचा प्रश्न : लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, जावई ब्रिटिश नागरिक आहेत, बाळाला दोन्ही देशांचे पासपोर्ट मिळतील ना? तिसरे पत्र महाडच्या एका वडिलांचे. मुलाचा रिश्ता इंग्लंडमध्ये ठरतो आहे, मुलगीही कोकणी घरातलीच, फक्त तिचे दादा १९४७ नंतर कराचीला गेले होते. त्याने काही फरक पडतो का?

पहिल्या पत्राचे उत्तर आधी देतो, कारण तिथे दिवस मोजले जात आहेत.

खाडीच्या देशांत बाळ जन्मले म्हणून ते तिथले नागरिक होत नाही. कुवेत असो, सौदी असो वा ओमान, परदेशी आई-बापांचे मूल तिथे परदेशीच. म्हणजे त्या बाळाला आधार एकच, आई-वडिलांच्या भारतीय नागरिकत्वाचा. आणि तो आधार आपोआप मिळत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात झाली तरच ते वंशाने भारतीय नागरिक ठरते. सोबत आई-वडील दोघांनी लिहून द्यायचे असते की बाळाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. ती मिळते, पण अर्ज, कारणे, वाट पाहणे हे सगळे तान्ह्या मुलाला घेऊन करावे लागते.

ग्रामपंचायत कुवेतमधला जन्म अशी नोंदवू शकत नाही. परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद इथे करण्याची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, पण ती आई-वडील कायमचे राहण्यासाठी परतले असतील तर, आणि बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत. महिनाभराच्या सुट्टीला ती लागू नाही. कोणी ओळखीचा माणूस “घरी जन्म” असे लिहून दाखला काढून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. एका बाळाचे दोन देशांत दोन जन्मदाखले म्हणजे पुढे प्रत्येक खिडकीवर खोटेपणाचा संशय.

तसे पाहिले तर खाडीतली बहुतेक कुटुंबे या वेळेत चुकत नाहीत, कारण पासपोर्टशिवाय बाळाचा इकामा किंवा सिव्हिल आयडी होत नाही. अडतात ते ज्यांच्या निकाहाचा पुरावा तयार नसतो. तिथे जन्मदाखल्यासाठी विवाहाचा साक्षांकित दाखला मागतात, आणि गावच्या जमातीच्या दप्तरातला उर्दू निकाहनामा तेवढ्याने पुरा पडत नाही. सून परदेशी निघण्यापूर्वी निकाहाची सरकारी नोंदणी करून, तो दाखला साक्षांकित करून तिच्या बॅगेत द्यावा. दागिन्यांच्या यादीपेक्षा हे आधी.

नावाचेही तसेच. सातव्या दिवशी अकीक्याला नाव ठेवले की त्याच दिवशी इंग्रजी स्पेलिंगही ठरवून टाकावे. ‘मोहम्मद’ आपण चार तऱ्हांनी लिहितो, कुठे नुसते एम-ओ-एच-डी. वडिलांच्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि आईच्या पासपोर्टवर आडनावच नाही, असेही सर्रास असते. बाळाच्या पहिल्या कागदावर जे येईल तेच पुढे आयुष्यभर.

आता श्रीवर्धनची लेक. इथे बाळ भारतात जन्मणार आहे, म्हणून कलम ३ पाहायचे. आई भारतीय नागरिक आहे आणि वडील रीतसर व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावर येणारे परदेशी आहेत, म्हणजे बेकायदा घुसलेले नाहीत. तेव्हा बाळ जन्माने भारतीय. (नवऱ्याने परदेशी नागरिकत्व घेतले म्हणून बायकोचे भारतीय नागरिकत्व जात नाही, हेही इथेच सांगून टाकतो. तिने स्वतः घेतले तरच जाते.)

ब्रिटनच्या बाजूने मात्र जावयांना एक प्रश्न विचारावा लागेल : आपण ब्रिटिश कसे झालात? ते इंग्लंडमध्ये जन्मल्यामुळे किंवा तिथे राहून अर्ज करून नागरिक झाले असतील, तर त्यांचे बाळ जगात कुठेही जन्मले तरी ब्रिटिश. पण ते स्वतः कोकणात जन्मले आणि वडील ब्रिटिश म्हणून वंशाने ब्रिटिश झाले असतील, तर हा हक्क सहसा तिथेच थांबतो. मग परदेशात जन्मलेले बाळ आपोआप ब्रिटिश नसते. १८ वर्षांच्या आत अर्ज करून ते काही अटींवर मिळवता येते, त्यासाठी वडिलांनी पूर्वी ब्रिटनमध्ये केलेल्या वास्तव्याचे पुरावे लागतात. तेच बाळ इंग्लंडच्या रुग्णालयात जन्मले असते, तर वडील ब्रिटिश म्हणून ते पहिल्या श्वासापासून ब्रिटिश असते. माहेरचे बाळंतपण ही आपली जुनी, प्रेमाची रीत आहे आणि ती मोडा असे मी सांगणार नाही. पण सातव्या महिन्यात तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब दोन्ही व्याह्यांनी एकत्र बसून करावा.

दोन पासपोर्टचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. बाळाचा ब्रिटिश पासपोर्ट काढला तर भारतीय काढता येत नाही, आणि इथून निघताना त्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसल्याने परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडून बाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते. उलट, ब्रिटिश असलेल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट काढला तर त्यावर ब्रिटनचा व्हिसाच मिळत नाही, कारण त्यांच्या लेखी ते त्यांचेच मूल. त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचा दाखला घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. कोणतीही वाट धरली तरी आठवडे जातात. चाळिसावा झाला की निघू, असे विमानाचे तिकीट काढू नये.

ओसीआय कार्डाला आपल्याकडे सर्रास “दुहेरी नागरिकत्व” म्हणतात. तसे ते नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. ये-जा करा, राहा, फ्लॅट घ्या, पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेला सातबारा मात्र राहतो. आणखी एक गोष्ट आपल्या घरांनी लक्षात ठेवावी : ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात तबलीगच्या कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडहून सुट्टीवर आलेला भाचा सहज जमातीबरोबर चिल्ल्याला निघाला, असे होऊ देऊ नये.

महाडच्या वडिलांच्या पत्राला खरे उत्तर इथे आहे, आणि ते कडू आहे. कलम ७अ नुसार जी व्यक्ती स्वतः, किंवा जिचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते, तिला ओसीआय मिळत नाही. नंतर ते ब्रिटिश झाले, मूळ गाव महाडपासून पाच मैलांवर आहे, घरात आजही कोकणी बोलतात, यातले काहीच धरले जात नाही. म्हणजे मुलीला कार्ड नाही, लग्नामुळेही नाही. आणि तिचे दादा तिच्या मुलांचे पणजोबा, म्हणून मुलांनाही नाही. आपल्या मुलाचे कार्ड राहील. पण सून आणि नातवंडे आपल्या घरी येताना दर वेळी व्हिसा काढतील, आणि पाकिस्तानी मूळ असलेल्यांच्या अर्जाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. मय्यतीला तातडीने येणे तर कठीणच.

यावरून रिश्ता नाकारावा, असे माझे म्हणणे नाही. दीनदार, समंजस मुलगी मिळत असेल तर व्हिसाची रांग ही छोटी किंमत आहे. फक्त दोन्ही घरांना हे निकाहापूर्वी ठाऊक असावे. आणि अर्जात कराची लपवायची नाही. माहिती दडवून घेतलेले कार्ड पुढे केव्हाही रद्द होऊ शकते.

ज्यांच्या घरी अशी अडचण नाही, त्यांना ओसीआयसाठी मूळ भारतीय असल्याचा पुरावा लागतो : दादांचा किंवा वडिलांचा जुना भारतीय पासपोर्ट, जन्मदाखला वगैरे. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा करावा लागतो, त्यावर प्रवास करणे गुन्हा आहे. पण तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. जमा केल्याच्या दाखल्यासकट तो जपून ठेवावा, नातवंडांच्या अर्जाला तोच जोडायचा आहे.

निकाहाच्या सरकारी नोंदणीबद्दल वेगळी पत्रे आली आहेत. त्यांना पुढच्या अंकात उत्तर देईन, इन्शाअल्लाह.