बदलीवरचा माणूस

बँकेत असताना 'बदली' हा शब्द आम्ही दर एप्रिल-मेमध्ये दबक्या आवाजात उच्चारत असू. ऑर्डर आली की चार्ज द्यायचा, रिलीव्ह व्हायचे, आणि मग मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसचे कार्ड, घरमालकाकडून अनामत परत मिळवण्याची खटपट. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत अशी ९ बिऱ्हाडे झाली. एका गावी तर पडदे शिवून आले त्याच दिवशी पुढची ऑर्डर हातात पडली. ते पडदे नंतर कुठल्याच घराच्या खिडक्यांना बसले नाहीत. त्यामुळे केव्हिन ऑली या अमेरिकन बास्केटबॉलपटूची हकिकत नातवाकडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खेळाआधी त्याच्या सामानाचीच काळजी वाटली. १३ हंगामांत १२ गावे!

मराठीत 'बदली'चे दोन अर्थ होतात. एका गावाहून दुसऱ्या गावी होते ती बदली, आणि मुख्य खेळाडू दमला की मैदानात उतरतो तो बदली खेळाडू. ऑली हा दोन्ही अर्थांनी बदलीवरचा माणूस. १९७२ साली डॅलसला जन्मला, लॉस एंजेलिसला वाढला आणि १९९१ ते १९९५ कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघातून खेळला. चेंडू पुढे आणायचा, कोण मोकळा आहे ते हेरून त्याच्या हाती द्यायचा, हे त्याचे काम. बास्केट करण्याचे श्रेय बहुधा दुसऱ्याच्या नावावर. एन.बी.ए. ही तिकडची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड करतात. १९९५ च्या निवडीत ऑलीला कोणी घेतले नाही. दोन वर्षे त्याने दुय्यम लीगमध्ये काढली. १९९७ मध्ये डॅलसने घेतले, आणि तो हंगाम संपायच्या आत तो ऑर्लँडोला पोचलासुद्धा.

तिथे दहा दिवसांचा करार नावाचा एक प्रकार आहे. कोणी जायबंदी झाले, माणूस कमी पडला, की दहा दिवसांपुरता एखादा आणायचा. एका संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. पुढे एकतर हंगामभर ठेवून घ्या, नाहीतर निरोप द्या. हे वाचताना मला आमच्या शाखेतले टेंपररी शिपाई आठवले. कायम करण्याचे दिवस भरत आले की त्यांना 'ब्रेक' दिला जाई, आणि त्या कागदावर सही करायची पाळी माझ्यासारख्यावर येई. ऑलीनेही असे दहा दहा दिवस काढले. सकाळी सरावाला सर्वांच्या आधी यायचे आणि बॅग मात्र पुरती उघडायची नाही, असेच त्या दिवसांत होत असणार.

कायम झाल्यावर तरी काय? फेब्रुवारी २००२ मध्ये शिकागो आणि इंडियाना या संघांत मोठा सौदा झाला. जेलन रोझ शिकागोला गेला आणि त्याच्या बदल्यात जे चौघे इंडियानाला गेले त्यांत ऑली होता. बरोबर वर्षाने, फेब्रुवारी २००३ मध्ये मिलवॉकीने सिॲटलकडून गॅरी पेटन घेतला आणि रे ॲलन दिला. ॲलन हा ऑलीचा कॉलेजातला सोबती, पुढे फार मोठा खेळाडू झाला. त्या सौद्याची आठवण आजही पेटन-ॲलन अशीच काढतात. ॲलनबरोबर ऑलीसुद्धा मिलवॉकीहून सिॲटलला गेला, हे मुद्दाम शोधावे लागते. मोठ्या रकमेचा व्यवहार जुळावा म्हणून वर काही सुट्टे पैसे टाकावे लागतात, तसा हा गडी दोन वर्षे एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात पडत राहिला. फिलाडेल्फियाला २००४ पासून सलग चार हंगाम मिळाले, तेवढाच काय तो स्थिर संसार. पुढे सिॲटलच्या संघाचीच २००८ साली ओक्लाहोमा सिटीला बदली झाली! म्हणून हिशेबाला संघ ११ आणि गावे १२. एकूण सामने ६६२, सरासरी गुण ३.८.

या आकड्यांत न मावणारी गोष्ट ओक्लाहोमाला घडली. २००८-०९ मध्ये त्या तरुण संघाने ८२ पैकी फक्त २३ सामने जिंकले होते. पुढच्या हंगामासाठी छत्तिशीच्या ऑलीला आणले. तो मैदानात फार थोडा उतरला, पण सराव कसा करायचा, शरीर कसे सांभाळायचे, हरलेल्या रात्रीनंतर सकाळी कसे यायचे, हे पोरांनी त्याच्याकडे पाहून उचलले. संघ ५० सामने जिंकला. यात वाढत्या वयाच्या गुणी पोरांचा वाटा मोठा, हे उघड आहे. पण त्यांच्यातला सर्वांत गुणी केव्हिन ड्युरांट, त्यानेच पुढे एका मुलाखतीत सांगितले की तिथली सगळी रीत ऑलीने बदलली. प्रत्येक शाखेत असा एखादा हेडक्लार्क मी पाहिला आहे. त्याच्या टेबलावर पाटी नसते, पण तो रजेवर गेला की त्या दिवशी कॅश जुळत नाही.

२०१० मध्ये ऑली आपल्या विद्यापीठात सहायक प्रशिक्षक म्हणून परतला. सप्टेंबर २०१२ मध्ये बुजुर्ग प्रशिक्षक जिम कॅलहून निवृत्त झाले आणि ३९ वर्षांच्या ऑलीच्या हाती संघ आला. करार सुरुवातीला एकाच हंगामाचा. दहा दिवसांच्या मानाने ऐसपैसच म्हणायचा. संघावर तेव्हा बंदी होती. खेळाडूंची अभ्यासातली प्रगती नियमाला धरून नव्हती, म्हणून २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना खेळताच येणार नव्हते. काही जण दुसरीकडे निघून गेले. उरलेल्यांना घेऊन, पुढे काहीच मिळणार नाही हे ठाऊक असताना, त्याने ३० पैकी २० सामने जिंकले. मला विचाराल तर त्याचे सर्वांत मोठे काम हेच.

२०१४ ची स्पर्धा मात्र सर्वांना आठवते. त्या मार्चमध्येच लुइव्हिलने त्यांना ८१-४८ असे धुतले होते. स्पर्धेत मानांकन सातवे; सातव्या मानांकनाच्या संघाने ही स्पर्धा तोवर कधी जिंकली नव्हती. उपांत्य फेरीत सलग ३० सामने जिंकून आलेला फ्लॉरिडाचा संघ त्यांनी हरवला. अंतिम सामना केंटकीशी. केंटकीचे पाचही सलामीचे खेळाडू पहिल्या वर्षाचे, उद्याचे लक्षाधीश. ७९,२३८ प्रेक्षक. कनेक्टिकटने ६०-५४ अशी बाजी मारली. त्यांना १० फ्री थ्रो मिळाले, दहाही आत गेले. केंटकीने २४ पैकी ११ घालवले. फ्री थ्रोला कोणी आडवा येत नाही, चेंडू आणि आपण. तिथे गुणवत्तेपेक्षा घोटलेली सवय उपयोगी पडते, आणि ही सवय लावणारा माणूस बाजूला उभा होता. सामना झाला आर्लिंग्टनला, डॅलसच्या शेजारी. जन्मगाव तेच आणि नोकरीची पहिली शाखाही तीच.

सिनेमा असता तर इथे दिवे लागले असते. पुढे २०१६-१७ मध्ये १६ विजय, १७ पराभव. त्यापुढच्या वर्षी १४ आणि १८. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठाने त्याला काढले, तेही 'सबळ कारणास्तव', म्हणजे कराराचे उरलेले पैसे न देता. नियमभंगाचे आरोप खोटे नव्हते. महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने २०१९ मध्ये त्याला दोषी धरले आणि तीन वर्षे त्याची वाट जवळजवळ बंद केली. चौकशीत त्याने दिशाभूल केल्याचा ठपकाही होता. इथे मला त्याची बाजू घेता येत नाही. पण जिंकत असता तर हेच कारण इतके सबळ ठरले असते का, ही शंकाही जात नाही.

त्याच्या बाजूने कोण उभे राहिले? प्राध्यापकांची युनियन! प्रशिक्षक त्या युनियनचा सभासद असे, आणि तिच्या करारानुसार गंभीर गैरवर्तन सिद्ध केल्याशिवाय असे काढता येत नव्हते. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठाला १ कोटी ११ लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्यास फर्मावले. वर्गणीच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या आमच्या पिढीला ही बातमी वाचून बरे वाटले, हे कबूल करायला हवे. दरम्यान विद्यापीठाने नवा प्रशिक्षक आणला, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदेही मिळवली. संस्थेचे कोणावाचून अडत नाही. ऑलीला तो सभागृहभर जल्लोष परत मिळाला नाही, पैसे मिळाले.

२०२३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने त्याला सहायक म्हणून घेतले. हा संघ पूर्वी न्यू जर्सीला होता तेव्हा ऑली त्यातूनही खेळून गेलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक जॅक व्हॉन यांना दूर केले आणि हंगाम संपेपर्यंत ऑलीला त्या खुर्चीवर बसवले. आमच्या भाषेत 'ऑफिशिएटिंग'. अशा खुर्चीवर बसणाऱ्याने ड्रॉवरमध्ये स्वतःचे फारसे काही ठेवायचे नसते. सामने २८ मिळाले. ११ जिंकले, १७ हरले. एप्रिलमध्ये जॉर्डी फर्नांडेझ यांची कायमची नेमणूक जाहीर झाली.