संध्याकाळ कोणाच्या मालकीची?

"शिकायला वेळ नाही, असे कसे म्हणतेस?" असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात मी माझ्या सुनेला केला. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

ती एका खाजगी बँकेत नोकरी करते. सकाळी सातच्या आत वसईची गाडी पकडते आणि रात्री साडेआठच्या सुमारास उंबरठ्यात पाऊल ठेवते. जेवणे आटोपली की मोबाईल घेऊन बसते. विमा विकण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिचे पाठ त्यात असतात. सहा वर्षांचा नातू चित्रकलेची वही घेऊन तिच्या शेजारी ताटकळतो आणि तिथेच झोपी जातो. त्या रात्री ती एवढेच म्हणाली होती, "पप्पा, आता होत नाही."

मी तिला उपदेश केला, कारण मी स्वतः त्याच वाटेने आलो होतो. १९२८ साली स्थापन झालेली, आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या नावाने ओळखली जाणारी संस्था बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेते. कारकून असताना मी त्या रात्री जागून दिल्या. आज त्यांना जेएआयआयबी आणि सीएआयआयबी म्हणतात. त्या उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनवाढ मिळते, बढतीची वाट सुकर होते आणि नोकरी बदलली तरी ती पात्रता आपल्याबरोबर येते. दिवसा गिरणीत राबून रात्रशाळेत शिकलेल्यांचे हे मुंबई शहर आहे. स्वतःच्या उन्नतीसाठी माणसाने स्वतःची संध्याकाळ खर्चावी, यात गैर ते काय?

परंतु सुनेची परीक्षा या जातीची नव्हे, हे माझ्या ध्यानात उशिरा आले. बँक विमा कंपनीची एजंट म्हणून विमा विकते. विकणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेच पाहिजे, असा विमा नियामकाचा दंडक आहे. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएमची परीक्षा आलीच. तिच्या प्रमाणपत्राची मुदत अवघी तीन वर्षे, त्यानंतर ते नव्याने मिळवावे लागते. ही प्रमाणपत्रे नसतील तर विक्री थांबते. विक्री झाली तर कमिशन बँकेच्या खात्यात जमा होते. म्हणजे काउंटर आणि संगणक यांच्याप्रमाणेच हे प्रमाणपत्रही बँकेच्या धंद्याचे साधन आहे. संगणक घरून घेऊन ये, असे कारकुनाला कोणी सांगत नाही. मग हे साधन मात्र त्याने घरच्या वेळातून का घडवावे?

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, ज्ञान शेवटी कर्मचाऱ्याच्याच उपयोगी पडते. पडत असेलही. रोजच्या कामातूनही माणूस शिकतो, म्हणून त्या कामाचा पगार कोणी कापत नाही. दुसरे उत्तर असे की, कामाच्या वेळात अभ्यासाला बसवले तर काउंटर रिकामे पडतील. हे मात्र खरे आहे. अभ्यासाला मोल पडते, याचीच ती कबुली होय. प्रश्न इतकाच की ते मोल कोणी द्यायचे? आज ते माझा नातू देत आहे.

१९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच कराराने कारखान्यातील कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. उरलेला वेळ माणसाचा, हे तत्त्व त्यामागे होते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात स्पष्टच म्हटले की, जे प्रशिक्षण देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, ते कामगाराला विनामूल्य मिळावे, त्याचा काळ कामाचाच वेळ गणला जावा आणि शक्य असेल तेथे ते कामाच्या वेळातच व्हावे. आपल्याकडे असा साधा न्याय मागणाऱ्यास मात्र आळशी ठरवले जाते!

आणि स्वेच्छेचा अभ्यास तरी एकट्याचा असतो काय? माझ्या परीक्षांच्या काळात पाणी भरणे, आईची औषधे, मुलांचा अभ्यास, संध्याकाळची जपमाळ, सारे माझ्या पत्नीने एकटीने सांभाळले. वेतनवाढ माझ्या नावावर लागली. तिच्या संध्याकाळी कोणत्याच हिशेबात आल्या नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे. ज्या परीक्षेवाचून मालकाचे काम अडते, ती कामाच्या वेळात आणि मालकाच्या खर्चाने व्हावी. जी परीक्षा बढतीसाठी आहे, ती ज्याने त्याने घरच्यांना विचारून द्यावी, मालकाने परीक्षेपुरती रजा द्यावी आणि न देणाऱ्यास हिणवू नये. आपल्या धर्मग्रामातही शाखाधिकारी आणि पर्यवेक्षक आहेत. हाताखालच्या माणसाला "घरी बसून कर" असे सांगण्यापूर्वी त्या घरात कोण वाट पाहत आहे, याचा विचार त्यांनी करावा.

सुनेची मी क्षमा मागितली. तिने आणि तिच्या चार सहकाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास कामाच्या वेळात अभ्यासासाठी मिळावेत, असा लेखी अर्ज शाखेत दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला.