'होता' की 'आहे'? : कोशनोंदीतील पात्रांचा काळ

लोणी काळभोर येथे मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची 'राजबाग' होती. आज तो परिसर एका विद्यापीठाच्या आवारात सामावलेला असून तेथे त्यांचे स्मारक आहे. राज कपूर १९८८ मध्ये निवर्तले. 'श्री ४२०' (१९५५) मधील राजू मात्र निवर्तलेला नाही. तरीही 'राजू हा एक बेकार पदवीधर होता' अशा धर्तीची वाक्ये कोशनोंदींत निःशंकपणे लिहिली जातात. या 'होता'मध्ये नट आणि पात्र, इतिहास आणि कल्पित यांची गल्लत दडलेली आहे.

भूतकाळाचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. कथात्म साहित्याचे निवेदन बहुधा भूतकाळातच असते, हा पहिला. परंतु निवेदकाचा काळ हा संहितेचा घटक होय. कोशनोंद हे त्या संहितेविषयीचे विधान असते. निवेदकाचा भूतकाळ जसाच्या तसा उचलणारा नोंदलेखक भाष्यकार न राहता नकळत दुसरा निवेदक बनतो. वर्तमानकाळ ही इंग्रजीची उसनवारी आहे, हा दुसरा मुद्दा तर अगदीच तकलादू आहे. आख्यान रंगवणारा कीर्तनकार किंवा चित्रपटाची गोष्ट सांगणारा सामान्य प्रेक्षक 'मग राजू मुंबईला येतो' असेच म्हणतो. त्यासाठी त्याला इंग्रजी यावे लागत नाही.

शिवाय मराठीत काळ बदलला की अनेकदा प्रयोगही बदलतो. 'राजू पदक गहाण ठेवतो' हा कर्तरी प्रयोग. 'राजूने पदक गहाण ठेवले' हा कर्मणी. दुसऱ्या वाक्यात क्रियापद राजूला सोडून पदकाशी जुळते आणि विधानाचा भर पुऱ्या झालेल्या कृतीवर येतो. पात्राची घडण उलगडू पाहणाऱ्या नोंदीला हा बदल क्षुल्लक मानता येणार नाही.

खरी कसोटी लोणी काळभोरजवळच्याच थेऊरला लागते. थोरले माधवराव पेशवे तेथे १७७२ मध्ये वारले. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीतील माधवरावही थेऊरलाच देह ठेवतात. पहिले विधान पुराव्याने खोडता येते. दुसरे केवळ कादंबरीच्या पाठाने. दोहोंना एकच भूतकाळ लावला, की कादंबरीकाराने रचलेले प्रसंग आणि संवाद पेशवाईच्या इतिहासात बिनबोभाट जमा होतात. मराठी वाचकाच्या मनातील इतिहासाचा केवढा भाग अशा रीतीने कादंबऱ्यांनी व्यापला आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून कोशनोंदीने भेद पाळला पाहिजे : कृतीची निर्मिती, प्रकाशन आणि नट यांच्यासाठी भूतकाळ, कथानकाच्या आरंभापूर्वीच्या घटनांसाठीही भूतकाळ, कथानकात घडते त्यासाठी वर्तमानकाळ. अनेक विद्यार्थी मूळ कृतीआधी कोशातील नोंद वाचतात. पात्र 'होते' असे तेथे शिकलेला विद्यार्थी पुढे कादंबरी उघडतो ती दस्तऐवज म्हणून, आणि तिच्यात माहिती शोधत राहतो.