होईल सवय!

दिवाळीत बोदवडला गेलो होतो. एका ओळखीच्या घरी मोठ्या कुत्र्यासमोर दीड महिन्याचं मांजराचं पिल्लू सोडलं आणि तिघांनी मोबाईल काढले. पिल्लू पळालं, कुत्रा मागे धावला, रील झाली. "होईल सवय," म्हणे. पंधरवड्यात तेच पिल्लू पोत्यात घालून जिनिंगच्या मागे सोडून आले. वर आम्हालाच सवाल, "कुत्र्या-मांजराचं कधी जमतं का?"

जमतं. तेल अवीव विद्यापीठातल्या फॉयरस्टाईन आणि तेर्केल यांनी २००८ मध्ये दोन्ही प्राणी असलेल्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दोन तृतीयांश घरांत संबंध चांगले निघाले. उघड वैर दहातल्या एखाद्याच घरात. मांजर आधी आलेली असली, ओळखीच्या वेळी ती सहा महिन्यांच्या आतली आणि कुत्रा वर्षाच्या आतला असला, तर जास्त जुळतं. कुत्र्याची हलती शेपटी बहुधा खुशीची, मांजरीची फटकारणारी शेपटी म्हणजे 'लांब हो'. एकत्र राहून बरीच जनावरं समोरच्याची ही भाषा शिकतात. त्यांना वेळ लागतो, आणि आपल्याला तर तीस सेकंदांत रील हवी.

आजीच्या घरी दोन्ही होती. ट्रेनिंग कुणी दिलं नव्हतं. पण कुत्रा ओट्यावर, मांजर धाब्यावर. त्याची भाकरी अंगणात, तिचं दूध चुलीपाशी. तिला पळायला वर जागा होती. (जुन्या काळाचे गोडवे गात नाही, तेव्हाही पिल्लं पोत्यात जायचीच.) आताच्या स्लॅबच्या घरात ती वरची जागाच उरली नाही, मग दोष मांजरीच्या स्वभावाला.

टेस्टिंग न करता कोड थेट प्रॉडक्शनला टाकला की रात्री दोनला फोन येतो, हे माझ्या धंद्यात पोरंसोरंही जाणतात. इथेही तसंच. सुरुवातीला वेगळी खोली, दार बंद. एकमेकांच्या अंथरुणाची फडकी बदलून वासाची ओळख. मग कुत्रा पट्ट्याला बांधलेला, मांजर मोकळी, आणि तिच्यासाठी उंचावर एक फळी. खाणं वेगळं. याला काही आठवडे जातात, कधी महिने. आणि ज्या कुत्र्याने आधी मांजर मारली आहे, त्याच्या घरात मांजर आणूच नका.

परवा त्याच घरातून मेसेज आला, "पर्शियन मांजर कुठे मिळेल?" मी विचारलं, "तिच्यासाठी खोली कोणती ठेवली?"

दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.