‘अनाथ’ या नोंदीमागचा व्यवहार

१/
कोरियन युद्ध १९५३ साली थांबले. तेव्हापासून दक्षिण कोरियातून परदेशी दत्तक गेलेल्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात मानली जाते. त्यांतील अनेकांच्या कागदांवर ‘अनाथ’ अशी नोंद होती, आणि त्याच वेळी त्यांचे आईवडील हयात होते. दत्तक संस्थांची नैतिकता तपासताना आधी ही नोंद तपासली पाहिजे.

२/
प्रारंभ करुणेतून झाला, हे मान्य करावे लागते. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या हॅरी व बर्था होल्ट या दांपत्याने १९५५ मध्ये आठ कोरियन मुले दत्तक घेतली; पुढे त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. युद्धाने पोरकी केलेली मुले तेव्हा खरोखरच डोळ्यांसमोर होती.

३/
पण परदेशी दत्तकाने शिखर गाठले ते १९८५ च्या सुमारास. त्या एका वर्षात आठ हजारांहून अधिक मुले देशाबाहेर गेली. तीन वर्षांनी सोलमध्ये ऑलिंपिक भरले. युद्ध केव्हाच सरले होते. आता जात होती ती प्रामुख्याने अविवाहित मातांची आणि गरीब घरांतील मुले. सरकारचा कल्याणखर्च वाचत होता, संस्थांना शुल्क मिळत होते.

४/
हे घडले कसे? कोरियात प्रत्येक घराची कुटुंबनोंदवही असे. दत्तक द्यायच्या मुलासाठी स्वतंत्र ‘अनाथ नोंद’ तयार केली जाई; तीत ते मूल एकटेच असे. जन्मदात्यांचे नावच नसल्यावर त्यांची संमती विचारण्याचा प्रश्न उरत नसे.

५/
मूल ताब्यात घेणारी, त्याचे कागद तयार करणारी, त्याच्या वतीने संमती देणारी आणि परदेशी दांपत्याकडून पैसे घेणारी संस्था एकच होती. वाद्याने स्वतःच न्यायाधीश व्हावे, असा हा प्रकार. अशा रचनेत प्रामाणिक कर्मचारी असले तरी त्यांचा प्रामाणिकपणा पुरेसा ठरत नाही.

६/
मार्च २०२५ मध्ये तेथील सत्य व समेट आयोगाने ५६ तक्रारदारांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले. खोट्या अनाथ नोंदी, अपुरी संमती, एका मुलाच्या कागदांवर दुसऱ्याची पाठवणी हे सारे नोंदले गेले. मात्र ४२ प्रकरणे पुरेशा कागदपत्रांअभावी लांबणीवर पडली.

७/
यातील विसंगती क्रूर आहे. ज्यांचे मूळ अधिक नीट पुसले गेले, त्यांच्याकडेच पुरावा कमी. संस्थेने ठेवलेल्या उणिवेचा भार दत्तक गेलेल्या व्यक्तीने वाहायचा, हा न्याय नव्हे.

८/
अनेक मुलांना प्रेमळ घरे मिळाली, असे यावर सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु त्या घरातील माया संस्थेच्या खात्यावर जमा करता येत नाही. दत्तक पालकांनाही पुष्कळदा तीच खोटी कथा ऐकवली गेली होती.

९/
भारतात लक्ष्मीकांत पांडे या वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आंतरदेशीय दत्तकासाठी नियम घालून दिले. प्रथम देशातच घर शोधावे, खर्चाला मर्यादा असावी, प्रत्येक प्रकरण त्रयस्थ संस्थेने न्यायालयासाठी तपासावे, ही त्यांतील सूत्रे. चांगला हेतू गृहीत धरून चालत नाही, ही जाण त्यामागे होती.

१०/
दक्षिण कोरियाने जुलै २०२५ पासून दत्तकाची जबाबदारी खासगी संस्थांकडून काढून सरकारकडे घेतली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. पण पारदर्शकता म्हणजे संस्थेचा देखणा वार्षिक अहवाल नव्हे. तीस वर्षांनी ते मूल परत आले, तर त्याला आईचे खरे नाव, तिची संमती आणि घेतलेल्या पैशांचा हिशेब एकाच फायलीत सापडतो का, हे पाहावे. तो सापडत नसेल, तर त्या संस्थेला नैतिक म्हणण्यास काही आधार नाही.